वर्गातले राजकारण आणि पोडावरचे मूल

शाळेच्या वर्गात राजकारण आणू नये, या विधानाला सहसा कोणी विरोध करीत नाही. पालक, शिक्षक, पुढारी आणि संपादक यांचे त्यावर एकमत असते. मात्र राजकारण कशाला म्हणायचे, हा प्रश्न पुढे आला की ते एकमत तिथेच संपते. आपल्याला मान्य आहे ते ज्ञान आणि अमान्य आहे ते राजकारण, अशी वाटणी बहुतेकांच्या मनात आधीच झालेली असते. पाठ्यपुस्तकांवरून अलीकडे जे वाद झाले, त्यांकडे पाहिले तरी हे ध्यानात येईल. २०१२ साली एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातील शंकर यांच्या जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी मुख्य सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. २०१७ साली बालभारतीच्या सातवीच्या इतिहासात मुघलांचा भाग आटोपता घेतल्यावरून चर्चा झाली. २०२३ साली एनसीईआरटीने पुस्तकांतून बरेच काही वगळले, तेव्हा याच दोघा अभ्यासकांनी पुस्तकांवरील आपली नावे काढून टाकण्याची मागणी केली. २०२४ साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतील श्लोक आल्यावरून वादळ उठले.

या प्रत्येक वादात आम्हांला आमचे मत आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण या साऱ्या वादांमधला एक समान धागा आम्हांला अस्वस्थ करतो. ज्या गटांना आपले वाचक आहेत, आपली वर्तमानपत्रे आहेत, विधिमंडळात आपले आमदार आहेत, त्या गटांमधले हे वाद आहेत. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्यांची मुलेही त्याच शाळेत जातात. त्यांच्या बाजूने हा वाद कसा दिसेल, हे पाहण्यासाठी आम्ही यवतमाळ जिल्हा निवडला आहे.

यवतमाळ म्हटले की उरलेल्या महाराष्ट्राला कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. या जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, आंध या आदिवासी जमाती आणि बंजारा समाज मोठ्या संख्येने राहतो, हे मात्र जनगणनेच्या तक्त्यापुरतेच उरते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या तालुक्यांत फिरले तर रस्ता सोडून आत गेल्यावर कोलामांचे पोड लागतात. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित गटात घातले आहे, त्यांत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम आहेत. त्यांची कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती द्रविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने तिचे व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले, म्हणजे संयुक्त महाराष्ट्र होण्याच्या पाच वर्षे आधी. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार लोक होते आणि ते महाराष्ट्र व तेव्हाचा आंध्र प्रदेश यांत विभागलेले होते. गोंडी बोलणारे देशात जवळपास ३० लाख आहेत, तरीही गोंडी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. संथाळी आणि बोडो यांना तिथे २००३ साली जागा मिळाली.

पोडावरचे मूल सहाव्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेत येते तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याच्याशी एका परक्या भाषेत बोलले जाते. ती भाषा मराठी असल्यामुळे आपल्याला ती परकी वाटत नाही, एवढेच. मुलाला उत्तर येत असते, पण ते द्यायचे शब्द येत नसतात. काही महिन्यांत ते गप्प राहायला शिकते आणि प्रगतिपुस्तकावर ‘अबोल’ असा शेरा येतो. वर्गात विचारसरणी नको, असे आग्रहाने सांगणाऱ्यांना या शेऱ्यात विचारसरणी दिसत नाही. आम्हांला ती इथेच सर्वांत जास्त दिसते. कोणत्या मुलाच्या घरची भाषा ज्ञानाची आणि कोणत्या मुलाची विसरून जाण्याची, हा निर्णय पुस्तकाचे पहिले पान उघडण्याआधीच झालेला असतो.

आता पुस्तकाकडे वळू. या जिल्ह्याला स्वातंत्र्यलढ्यात मानाचे स्थान मिळाले ते जंगल सत्याग्रहामुळे. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी जंगल सत्याग्रहात भाग घेतला आणि त्यांना कारावास झाला. एकाच लढ्यात काँग्रेसचे नेते आणि संघाचे संस्थापक दोघेही होते, हे आजच्या वातावरणात दोन्ही बाजूंना अडचणीचे वाटते. म्हणून एक बाजू एक नाव मोठ्याने घेते आणि दुसरे हळू आवाजात, तर दुसरी बाजू नेमके उलट करते. शालेय इतिहासात मात्र बहुधा पुसद हे जंगल सत्याग्रहाच्या ठिकाणांच्या यादीतले एक नाव असते. परीक्षेत ठिकाणे विचारतात, मुले ती पाठ करतात.

या वादात एक साधा प्रश्न राहून जातो. ते गवत कोणाचे होते? सत्याग्रही ज्या जंगलात प्रतीक म्हणून विळा चालवायला गेले, त्याच जंगलातले गवत, मोहफुले, डिंक आणि बांबू यांवर कोलाम आणि गोंड कुटुंबे रोज जगत होती. जंगल राखीव झाले तेव्हा त्यांचे रोजचे जगणेच गुन्हा ठरले. नेत्यांनी कायदा एक दिवस मोडला आणि तो इतिहास झाला. ज्यांना तो रोज मोडावा लागत होता त्यांची नोंद वनखात्याच्या दंडाच्या पावतीवर झाली असेल तर तेवढीच. आम्ही अणे किंवा हेडगेवार यांचे मोल कमी करू पाहत नाही. त्यांनी तुरुंगवास पत्करला, हे खरे आहे. पण पोडावरच्या मुलाला हा धडा शिकवताना जंगल आधी कोणाचे होते, ते राखीव कसे झाले आणि वनहक्काचा कायदा येण्यासाठी २००६ साल का उजाडावे लागले, हे सांगायचे की नाही? सांगितले तर शिक्षकावर राजकारण केल्याचा आरोप येतो. न सांगणेही तेवढेच राजकारण आहे, पण त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला, म्हणजे मराठी भाषकांना, अधिक बोचणारे आहे. विदर्भाचा इतिहास शिकवताना नागपूरकर भोसल्यांचा पराक्रम आपण अभिमानाने सांगतो. रघूजी भोसल्यांच्या काळात, १७५१ साली, चांद्याचे गोंड राज्य भोसल्यांच्या ताब्यात गेले. आपल्या वाक्यात तो मराठी सत्तेचा विस्तार असतो. गोंड मुलाच्या बाजूने वाचले तर त्याच वाक्याचा अर्थ आमचे राज्य बुडाले असा होतो. दोन्ही वाक्ये खरी आहेत. वर्गात मात्र एकच वाक्य येते आणि गोंड मुलानेही ते अभिमानाने म्हणावे अशी अपेक्षा असते. परक्यांचे आक्रमण आणि आपला विस्तार हे दोन शब्द आपण किती सहजपणे वापरतो, याचा विचार भाषेच्या शिक्षकांनी तरी करायला हवा. इतिहासाचा शिक्षक सनावळीत अडकला असेल तर समजू शकते. पण क्रियापदाचा कर्ता कोण आणि कर्म कोण, हे तपासणे आपल्या विषयाचे काम आहे.

अशा अभ्यासावर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की त्यामुळे मुलांमध्ये द्वेष वाढेल आणि समाज दुभंगेल. हा आक्षेप जगभर घेतला जातो. अमेरिकेत अॅरिझोना राज्याने २०१० साली याच कारणासाठी कायदा केला. एखाद्या वंशाविषयी रोष निर्माण करणारे किंवा वांशिक एकजुटीचा पुरस्कार करणारे अभ्यासक्रम शाळांत नकोत, असे त्यात म्हटले होते. त्याचा फटका टुसॉन शहरातील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रमाला बसला. २०१२ साली तो बंद झाला आणि वर्गांतली पुस्तके खोक्यांत भरून हलवली गेली. २०१७ साली संघीय न्यायालयाने निकाल दिला की वांशिक आकसापोटीच ही कारवाई झाली आणि ती संविधानाला धरून नव्हती. म्हणजे द्वेष नको म्हणून केलेल्या कायद्यामागेच आकस निघाला. न्यायालयापर्यंत जायला आणि तिथून परत यायला त्या मुलांची शालेय वर्षे मात्र संपून गेली.

याचा आपल्याकडचा अवतार गडचिरोली जिल्ह्यात दिसतो. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. गावाने आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकवावे, एवढाच त्यामागचा विचार. २०२२ साली शिक्षण खात्याने मान्यता नसल्याच्या कारणावरून शाळेला नोटीस दिली आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागावी लागली. नोटिशीला आधार होता शिक्षण हक्क कायद्याचा. विनामान्यता शाळेला दंड करण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. आणि शक्य असेल तिथवर मुलाला त्याच्या मातृभाषेतून शिकवावे, असेही तोच कायदा सांगतो. प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याच्या सोयी कराव्यात, अशी अपेक्षा संविधानाच्या ३५० क्रमांकाच्या अनुच्छेदाला १९५६ साली जोडलेल्या उपअनुच्छेदात आहे. एकाच कायद्यातले दंडाचे कलम लगेच सापडते आणि भाषेचे कलम नजरेआड होते, यालाही विचारसरणीच म्हणावे लागेल.

इथवर आमच्याशी सहमत झालेल्या वाचकांना पुढचा भाग कदाचित आवडणार नाही. उपेक्षितांचा इतिहास वर्गात आणण्याची मागणी करणाऱ्यांतही एक मोठा मोह असतो. जुनी पोथी काढून तिथे नवी पोथी ठेवायची आणि मुलाने पूर्वी ती जशी घोकली तशी ही घोकायची. आदिवासी म्हणायचे की वनवासी, हिंदू म्हणायचे की कोया पुनेम, या वादात मोठी माणसे जी उत्तरे देतात ती तयार स्वरूपात मुलांच्या हाती देण्याची घाई दोन्हीकडे असते. राणी दुर्गावतीचे उदाहरण घ्या. एका बाजूला ती मुघलांशी लढलेली हिंदू वीरांगना म्हणून हवी असते, दुसऱ्या बाजूला गोंड अस्मितेची देवता म्हणून. ती चंदेल घराण्यात जन्मली आणि गोंड राजघराण्याची सून होऊन गढ्याचे राज्य चालवले, ही गुंतागुंत दोघांनाही नको असते.

त्याहून अवघड आहे देवगडचा बख्त बुलंद. गादी मिळवण्यासाठी औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारलेला हा गोंड राजा. त्याने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. त्याच नागपुरात १९२५ साली संघाची स्थापना झाली आणि १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. हे शहर एका मुसलमान झालेल्या गोंड राजाने वसवले, ही गोष्ट कोणत्याच पोथीत नीट बसत नाही. म्हणूनच ती वर्गात सांगण्यासारखी आहे.

अस्मितेचा आग्रह धरणारा अल्पसंख्य गट आपल्यातल्या आणखी लहान गटाला कसा विसरतो, हेही आपण पाहिले आहे. २००५-०६ साली कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकातील प्राचीन भारताचे चित्रण बदलावे म्हणून काही हिंदू संघटनांनी प्रयत्न केले. वर्गात आमच्या मुलांची मान खाली जाते, ही त्यांची तक्रार समजण्यासारखी होती. पण त्या बदलांत जातिव्यवस्थेचा उल्लेख सौम्य करण्याचीही मागणी होती आणि तिला दलित संघटनांनी विरोध केला. यवतमाळातही हे होऊ शकते. आदिवासी म्हणून गोंडी आली आणि कोलामी मागे राहिली, तर पोडावरच्या मुलाच्या दृष्टीने फारसे काही बदलणार नाही.

मग शिकवणे आणि विचार लादणे यांतला फरक ओळखायचा कसा? आमच्या मते कसोटी पाठाच्या आशयात नाही. त्या पाठाला मूल उलट प्रश्न विचारू शकते का, ही ती कसोटी आहे. ज्या वर्गात ‘तुम्ही म्हणता तसे नव्हते, माझी आजी वेगळे सांगते’ असे मूल म्हणू शकते आणि शिक्षक त्याला ‘आजी काय सांगते ते लिहून आण, मग दोन्ही ताडून पाहू’ असे म्हणतो, त्या वर्गात कोणत्याही विचारसरणीचा धडा चालेल. तिथे तो टिकेल किंवा गळून पडेल. ज्या वर्गात असे म्हणता येत नाही, तिथे संविधानाची प्रास्ताविकासुद्धा पोथी होते. आणि उलट प्रश्न विचारण्याची पहिली अट म्हणजे तो विचारायला भाषा हवी. त्यामुळे भाषेचा प्रश्न आणि विचारसरणीचा प्रश्न वेगळे ठेवता येत नाहीत. जे मूल बोलू शकत नाही त्याच्यापुढे डावा, उजवा, गांधीवादी किंवा आंबेडकरवादी, कोणताही शिक्षक उभा राहिला तरी तो सांगणारा आणि मूल ऐकणारे, हे नाते बदलत नाही.

हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये तो सुधारून आला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत मराठी लेखक, शिक्षक आणि पालक यांनी जे युक्तिवाद केले ते आम्हांला पटले होते आणि आजही पटतात. सहा वर्षांच्या मुलावर घरात न बोलली जाणारी भाषा लादू नये, पहिल्या भाषेचा पाया पक्का होऊ द्यावा, बहुसंख्येच्या बळावर भाषा शिकवू नये, हेच ते युक्तिवाद. आता त्यांत हिंदीच्या जागी मराठी आणि मुंबईच्या जागी झरी जामणी घालून वाचावे. एकही वाक्य बदलावे लागत नाही. कोलाम मुलाची तिसरी भाषा कोणती, हा प्रश्न फार पुढचा आहे. त्याला अजून पहिलीच मिळालेली नाही. जो युक्तिवाद आपण दिल्लीपुढे करतो तो पोडावर लागू करायला नकार दिला, तर तो युक्तिवाद नव्हता, केवळ आपला हट्ट होता, असे ठरेल.

व्यवहाराच्या अडचणी आम्हांला ठाऊक आहेत. कोलामी जाणणारे शिक्षक नाहीत, पुस्तके नाहीत, आणि पालकांनाच इंग्रजी हवी आहे, असे सांगितले जाते. पालकांना इंग्रजी हवी आहे, हे अगदी खरे आहे आणि त्यांना ती मिळालीच पाहिजे. पण गप्प बसायला शिकलेले मूल मराठीत गप्प बसते तसे इंग्रजीतही गप्प बसेल. शिक्षक आणि पुस्तके यांची अडचण पूर्वीही होती आणि पैनगंगेच्या पलीकडेच तिच्यावर मार्ग काढला गेला होता. १९४० साली कुमराम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारला गोंडांकडे लक्ष द्यावे लागले. १९४३ पासून आदिलाबादेतील मारलवाई येथे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करण्याचे काम सुरू झाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. एका संस्थानी राजवटीला जे युद्धकाळात जमले ते आपल्याला जमणार नाही, हे मान्य करणे कठीण आहे. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पुढे ती संख्या वाढवली. आपल्याकडेही तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हानिहाय पुस्तके बालभारतीने काढली होती. जिल्ह्याचे पुस्तक जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या भाषांपर्यंत नेणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

बालभारतीची स्थापना १९६७ सालची. त्या वेळी मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातून आलेले वसंतराव नाईक. पुढे सुधाकरराव नाईकांच्या रूपाने याच तालुक्याने राज्याला आणखी एक मुख्यमंत्री दिला. तरीही तांड्यावरची गोरबोली वर्गाच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. आपला माणूस सत्तेवर आल्याने शाळेतली भाषा आपोआप बदलत नाही, एवढे यावरून कळते. म्हणून हे काम सर्वस्वी सरकारवर सोपवून चालणार नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले आणि साहित्यविश्वाने त्याचा निषेध केला. तो निषेध योग्यच होता. अखेर उद्घाटन जिल्ह्यातील वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. व्यासपीठावर कोणाला बोलू द्यायचे, हा प्रश्न आपल्याला त्या वेळी नीट कळला होता. वर्ग हेही एक व्यासपीठच आहे आणि तिथले निमंत्रण रोज नाकारले जाते, हे कळायला मात्र आपण वेळ लावतो आहोत.

यवतमाळ, वणी, पुसद, पांढरकवडा इथल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या समोर आज पोडावरून आणि तांड्यावरून आलेली मुले बसलेली असतात. त्यांना प्रकल्प म्हणून पुन्हा एकदा ग्रामीण कादंबरीची वैशिष्ट्ये लिहायला लावण्याऐवजी घरच्या भाषेतल्या पन्नास शब्दांचा कोश करायला सांगता येईल. भुजंग मेश्रामांची ‘उलगुलान’मधली कविता शिकवताना तिच्यातल्या मराठीबाहेरच्या शब्दांचा अर्थ तळटीप वाचून सांगण्याआधी वर्गातल्या गोंड विद्यार्थ्याला विचारता येईल. त्या तासाला अर्थ सांगणारा तो असेल आणि लिहून घेणारे आपण. पुसदच्या जंगलातले ते गवत कोणाचे होते, याचे उत्तरही त्याच्या घरी कोणाला तरी ठाऊक असण्याची शक्यता आहे. ते ऐकण्याची तयारी शिक्षकाने दाखवायला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.